वर्गातल्या टॅबसाठी पेन घेण्याआधी टॅबची काच ओळखा

प्रश्न थोडक्यात असा. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या एका शाळेला कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून २० अँड्रॉइड टॅब मिळाले आहेत. गावाने लोकवर्गणीतून १२ हजार रुपये जमवून दिले आहेत. तालुक्याच्या दुकानात चार्जिंगवर चालणारं स्टायलस पेन ६०० रुपयांना मिळतं आणि 'कुठल्याही टॅबला चालतं' असं दुकानदाराने सांगितलं आहे. मुलांचं अक्षरलेखन टॅबवर घ्यायचा विचार असल्याने मुख्याध्यापिका विचारतात, अशी २० पेनं घेऊन टाकावीत का?

मॅडम, पैसे दिले नसतील तर दोन दिवस थांबा. दुकानदार खोटं बोललेला नाही, ते पेन तुमच्या टॅबवर चालेलही. पण 'चालतं' आणि 'लिहितं' यांत फार अंतर आहे आणि तुम्हाला लिहिणारं पेन हवं आहे. मी गेली अकरा वर्षं आधी वर्गशिक्षक म्हणून आणि नंतर तालुक्याच्या गट साधन केंद्रात, शिक्षकांना मदत करणारा विषय साधनव्यक्ती म्हणून शाळांमधले टॅब हाताळतो आहे. पेनांवर खर्च झालेले पैसे वाया गेलेले मी पुष्कळ शाळांत पाहिले. प्रत्येक ठिकाणी कारण एकच होतं: पेन बघून पेन घेतलं, टॅब बघून घेतलं नाही.

टॅबवर लिहिता येतं की नाही हे पेनापेक्षा टॅबच्या काचेखाली काय आहे यावर ठरतं. म्हणून आधी काचेबद्दल सांगतो.

२०११ साली केंद्र सरकारने 'आकाश' टॅब आणला होता, तो काही शिक्षकांना आठवत असेल. त्याचा पडदा दाबावर चालायचा. वरचा पातळ पापुद्रा दाबला की खालच्या थराला टेकायचा आणि स्पर्श कळायचा. त्यामुळे नखाने, पेनाच्या टोपणाने, अगदी काडीनेही तो चालवता येई. आजचे टॅब तसे नाहीत. आजच्या काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते आणि तिच्यात सतत बारीकसा विद्युत संकेत फिरत असतो. आपलं शरीर विजेचं वाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की त्या जागचा विद्युतभार किंचित बदलतो आणि तो बदल टॅब मोजतो. म्हणून बोटाच्या पेराने टॅब चालतो पण नखाने चालत नाही, लाकडी पेन्सिलीने चालत नाही पण हातात धरलेल्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीने बऱ्याचदा चालतो. चौथीच्या मुलांना हे नक्की करून दाखवा, पाच मिनिटांत वाहक आणि अवाहकाचा धडा होऊन जातो.

या जाळीच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. बोटाचा ठसा एकाच वेळी तीन-चार पट्ट्यांवर पडतो आणि टॅब त्यातून ठशाचा मध्यबिंदू काढतो. आता याच काचेवर दीड मिलिमीटरचं बारीक टोक ठेवा. ते कधी पट्टीवर असतं, कधी दोन पट्ट्यांच्या मधोमध. मध्यबिंदूचा हिशोब डगमगतो आणि सरळ तिरपी रेघ ओढली तरी नागमोडी उमटते. भरभर ओढली तर ते लक्षात येत नाही. दुकानदार दाखवताना नेहमी भरभर सही करून दाखवतो. तिसरी-चौथीतलं मूल सावकाश लिहितं आणि सावकाश ओढलेल्या रेघेत हा दोष सगळ्यात जास्त दिसतो. मुलाला वाटतं आपला हात वाकडा आहे. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं, कारण दोष त्याच्या हाताचा नसतोच.

तुम्हाला दाखवलेलं ६०० रुपयांचं पेन याच जातीचं असणार. त्याच्या आत छोटी बॅटरी असते आणि टोकाशी असा विद्युत संकेत तयार केला जातो की टॅबला ते बोटच वाटावं. म्हणूनच ते 'सगळ्या टॅबला चालतं'. पण टॅबच्या दृष्टीने ते बोट असल्यामुळे शेजारी टेकलेला तळहातही त्याच्या लेखी आणखी एक बोट ठरतो. मूल लिहायला बसतं, सवयीने मनगट काचेवर टेकवतं आणि भलतीकडेच रेघ उमटते, पान सरकतं, नाहीतर चित्र एकदम मोठं होतं. दोन-तीनदा असं झालं की मूल हात अधांतरी धरून लिहायला शिकतं. पाच मिनिटांत खांदा भरून येतो. मग अक्षरांना ना वळण राहतं ना आकार. पाटीवर, वहीवर हात टेकवून लिहिण्याची जी सवय आपण पहिलीपासून लावतो, ती आपणच मोडतो. अक्षरलेखनासाठी हे पेन घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

खरं लिहिणारं पेन वेगळं असतं. त्यासाठी टॅबच्या पडद्याखाली बोटाच्या जाळीबरोबर पेन ओळखण्याची सोय कारखान्यातच केलेली असावी लागते. मग पेन कुठे आहे, ते किती दाबलं आहे, हे टॅबला बोटापासून वेगळं कळतं आणि पेन जवळ असताना तळहाताकडे तो दुर्लक्ष करतो. ही सोय नंतर बसवून मिळत नाही. सॅमसंगचं एस पेन हे याचं आपल्याकडे सहज पाहायला मिळणारं उदाहरण. त्यात वॅकॉम या कंपनीचं ईएमआर तंत्र आहे: पडद्याखालच्या थरातून पेनालाच ऊर्जा मिळते, त्यामुळे लिहिण्यासाठी पेनात बॅटरी लागत नाही. शाळेसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. चार्जिंग नको, सेल नको, सकाळी पेटीतून काढलं की लिहायला तयार. पण सॅमसंगचा म्हणून कुठलाही टॅब घेतला तर ते चालत नाही. गॅलेक्सी टॅब एस ६ लाइटबरोबर हे पेन येतं आणि चालतं. ए ७, ए ८, ए ९ हे टॅब दिसायला तसेच असले तरी त्यांच्या काचेखाली तो थरच नाही. त्यांच्यावर एस पेन म्हणजे प्लॅस्टिकची काडी. देणगीत बहुतेकदा हे साधे टॅब येतात, कारण ते स्वस्त असतात आणि व्हिडिओ पाहायला, सराव चाचण्या सोडवायला पुरेसे असतात.

बाकीच्या जाती झटक्यात सांगतो, कारण तुमच्या शाळेशी त्यांचा संबंध कमी आहे. आयपॅड असेल तर कोणत्या पिढीच्या आयपॅडला कोणती ॲपल पेन्सिल चालते हे आधी नीट जुळवावं लागतं, कारण प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालत नाही. शाळांसाठी लॉजिटेकचं क्रेयॉन बरं: जोडणी करावी लागत नाही आणि हात टेकवून लिहिता येतं. बऱ्याच क्रोमबुकवर यूएसआय नावाचं सामाईक मानक चालतं, त्यात एकाच पेनाने वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर लिहिता येतं. विंडोजच्या बऱ्याच यंत्रांवर मायक्रोसॉफ्टचं मानक असतं. यातली बरीच पेनं एएएए सेलवर चालतात. चार 'ए' बरं का, घड्याळात घालतो तो सेल नव्हे. तालुक्याच्या गावात तो मिळत नाही आणि वर्षाच्या मध्यात सेल संपला की पेन कपाटात जाऊन बसतं. घ्यायचं झालंच तर सेलही बरोबरच घेऊन ठेवा.

तुमच्या टॅबमध्ये पेनाची सोय आहे का, हे कसं ओळखायचं? टॅबच्या पाठीवर किंवा सेटिंगमध्ये 'टॅबविषयी' या पानावर मॉडेल क्रमांक असतो. नाव पुरेसं नाही, क्रमांकच बघा, कारण एकाच नावाच्या टॅबच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्यांत फरक असतो. तो क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पेनाचा उल्लेख आहे का ते पाहा. उल्लेख नसेल तर सोय नाही असंच धरून चाला.

दुकानात जाताना शाळेचा एक टॅब बरोबर न्या, वरून बसवलेली संरक्षक काच आणि कव्हरासकट. दुकानातल्या टॅबवरची परीक्षा तुमच्या उपयोगाची नाही. लाकडी फूटपट्टी टॅबवर तिरपी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी सावकाश, दहा आकडे मोजत ओढा. रेघ नागमोडी आली की निकाल लागला. मग मराठी लिहून पाहा, इंग्रजी नव्हे. देवनागरीची परीक्षा कडक असते. 'पंढरपूर' आणि 'चांदणं' लिहा: अनुस्वाराचा ठिपका हा क्षणभराचा स्पर्श असतो आणि बरीच पेनं, विशेषतः मऊ टोकाची, तोच गाळतात. 'ज्ञ', 'क्ष' आणि 'ऱ्हस्व' यांतला 'ऱ्ह' एक सेंटिमीटर उंचीत लिहून बघा, चौकटीच्या वहीतलं अक्षर साधारण तेवढंच असतं. जाड टोकाखाली अक्षराची पोटं भरून जातात आणि टोक नेमकं कुठे टेकलं आहे हेच दिसत नाही. शिरोरेखा शेवटी ओढा, ती शब्दाच्या वर सलग बसते का पाहा. हे सगळं मनगट टेकवून करा.

टॅबला आणखी बारकाईने तपासायचं असेल तर एक युक्ती आहे. सेटिंगमध्ये 'टॅबविषयी' पानावर बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. काही टॅबमध्ये तो क्रमांक एक पायरी आत, सॉफ्टवेअरच्या माहितीत असतो. तिथे 'पॉइंटर लोकेशन' सुरू करा. आता काचेवर जिथे-जिथे स्पर्श झाला त्याचा मार्ग पडद्यावर रेखला जातो आणि एका वेळी किती स्पर्श होत आहेत तेही दिसतं. तळहात टेकवल्यावर तो वेगळा स्पर्श म्हणून नोंदला जातो का, रेघ मध्ये तुटते का, हे डोळ्यांना दिसतं. काम झालं की ते बंद करायला विसरू नका, नाहीतर मुलं त्या रेघांशीच खेळत बसतात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पेन बिघडलंय म्हणून माझ्याकडे आणलेल्या पेनांपैकी बरीच चांगली असतात आणि दोष चार्जिंगचा असतो. टॅब चार्जिंगला लावलेला असताना, त्यातही स्वस्त चार्जर आणि अर्थिंग नसलेला बोर्ड असेल तर, काचेखालच्या जाळीत विजेचा गोंगाट येतो. रेघा तुटतात, स्पर्श आपोआप उड्या मारतो. पिन काढून पाहा, लगेच सुधारतं. आपल्या कितीतरी वर्गखोल्यांत अर्थिंगची तार नुसती नावाला असते. पाटण तालुक्यात काम करताना पावसाळ्याचाही अनुभव घेतला. मुलं भिजून येतात, हात ओलसर असतात, काचेवर दमट थर बसतो आणि टॅब भलताच वागू लागतो. जून ते सप्टेंबर वर्गात एक कोरडा सुती रुमाल टॅबच्या पेटीतच ठेवायचा, हा आमचा नियम होता.

आता तुमच्या १२ हजारांचं काय करावं. टॅब साधे आहेत असं धरून सांगतो.

मुलांसाठी विणलेल्या जाळीच्या टोकाची साधी पेनं घ्या. रबरी बोंडाची नकोत. रबराचं बोंड काचेला चिकटत-चिकटत सरकतं, दोन महिन्यांत फाटतं आणि त्यात धुळीचे कण रुतले की काच ओरखडते. टोकाशी पारदर्शक चकती असलेली पेनं नेमकी असतात, पण चकती लहान मुलांच्या हातात टिकत नाही, निखळून हरवते. वाहक धाग्यांनी विणलेल्या जाळीचं, ६-७ मिलिमीटर जाडीचं टोक काचेवर हलकं सरकतं आणि त्या मानाने खूप टिकतं. अशी पेनं शंभर-दीडशेच्या आसपास मिळतात, एकदम घेतली तर त्याहूनही स्वस्त. २४ घ्या, चार जास्तीची. पेनाचा दांडा धातूचा हवा. या पेनात बॅटरी नसते, मुलाच्या हातातून दांड्यातून टोकापर्यंत वाहक मार्ग लागतो. दांडा प्लॅस्टिकचा असेल तर तो मार्ग तुटतो आणि पेन मधूनमधून रुसतं. जाडी आपल्या नेहमीच्या पेन्सिलीपेक्षा थोडी जास्त, ८-९ मिलिमीटर असली की लहान बोटांना तीन बोटांची पकड नीट जमते. गुळगुळीत गोल दांडा बाकावरून घरंगळतो, खिशाला अडकवायची पट्टी असलेलं घ्या म्हणजे तो थांबतो.

या पेनांनी काय करायचं? उत्तराला गोल, जोड्या लावणं, नकाशात जिल्हा रंगवणं, आकृतीत भागांची नावं ओढून नेणं, मोठी चित्रं काढणं. हे सगळं छान होतं आणि बोटापेक्षा नेमकं होतं. मोठ्या आकारात, पडदाभर एक अक्षर गिरवणंही होतं. ओळीत बसवून परिच्छेद लिहिणं होत नाही आणि ते करायलाही लावू नका. त्यासाठी आपली दुरेघी वही आहे. पहिली-दुसरीला तर टॅबचं पेन देऊच नये असं माझं मत आहे. धूळपाटीत बोट फिरवताना जो खरखरीत अडसर बोटाला लागतो, पाटीवर पेन्सिल ओढताना जो लागतो, त्यातूनच हाताला वळण कळतं. काच गुळगुळीत असते, हाताला काही सांगत नाही. मग मूल जोर लावून दाबतं आणि बोटं ताठ होतात.

पेनांचे साधारण तीन-साडेतीन हजार गेले, उरले साडेआठ. त्यातून वायरमनला बोलावून टॅब लावायच्या बोर्डाचं अर्थिंग नीट करून घ्या आणि ज्या टॅबांच्या काचेवरचं संरक्षक आवरण फुगलं असेल ते बदला. आवरणाखाली हवेचे फुगे असले की त्या जागी स्पर्श दुबळा होतो. उरलेली रक्कम जपून ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर एक प्रस्ताव मांडा: पुढच्या वेळी देणगीदार विचारतील किंवा शाळेला सरकारकडून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानात जागा निघेल तेव्हा ईएमआर पेनाचा एकच टॅब शिक्षकांसाठी घ्यायचा आणि तो वर्गातल्या टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडायचा. २० मुलांच्या हातात २० अर्धवट पेनं देण्यापेक्षा शिक्षकाच्या हातात एक खरं पेन असणं वर्गाला कितीतरी जास्त देतं. तुम्ही मुलांकडे तोंड करून, बाकांमधून फिरत, टॅबवर हातचा घेऊन बेरीज सोडवता आणि ती मोठ्या पडद्यावर उमटते. एखाद्या मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो घेऊन त्यावरच 'ळ'चं वळण कुठे चुकलं ते सगळ्यांना दाखवता येतं. माझ्या कामात टॅबवरच्या पेनाने सर्वांत चांगलं फळ दिलं ते इथेच.

साडेआठ हजारांत आणखी एक गोष्ट आवर्जून करा. वर्गात दिव्यांग मूल असेल, हाताची पकड कमजोर असेल, बोटं थरथरत असतील तर त्याच्यासाठी पेन वेगळं तयार करा. इतरांसाठी पेन ही सोय आहे, या मुलासाठी ती अभ्यासाची वाटच असते, कारण बोटाने टिचकी मारताना त्याची दुसरी बोटंही काचेला लागतात आणि उत्तर चुकीचं नोंदलं जातं. जाळीच्या टोकाचं पेन स्पंजच्या चेंडूत आरपार खोचलं की मूठभर पकड मिळते. पण इथे एक अडचण येते, मी स्वतः त्यात अडकलो होतो. स्पंज अवाहक असल्याने हात आणि दांडा यांच्यातला मार्ग तुटतो आणि पेन चालायचंच बंद होतं. आम्ही दांड्याला बारीक तांब्याची तार गुंडाळली, ती स्पंजमधून बाहेर काढली आणि चेंडूभोवती स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलचा पट्टा बांधला, तळहात त्यावर येईल असा. तारेची टोकं फॉइलखाली दुमडून वर चिकटपट्टी लावली, म्हणजे टोचत नाहीत. पेन चालू झालं. त्या मुलीने त्या दिवशी बेरजेच्या दहाच्या दहा गणितांना स्वतः उत्तरं दिली. शाळेच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना हे करताना बरोबर घ्या, त्यांना मुलाच्या पकडीची चांगली जाण असते.

चार्जिंगच्या पेनांबद्दल तुमच्या मनात अजून ओढ असेल तर एका शाळेचं सांगतो. तिथे १५ पेनं घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर नीट चालणारी चार उरली. कुणाची टोकं चावून गेली, कुणाचं चार्जिंगचं तोंड वाकलं, काही सुट्टीत बॅटरी पूर्ण उतरल्यावर पुन्हा जागीच झाली नाहीत. विक्रेत्याने वॉरंटीचं तोंडी सांगितलं होतं, पावतीवर काही नव्हतं. १५ पेनं आणि टॅब मिळून चार्जिंगला लावायचे तर शाळेत प्लग लावायच्या तीनच जागा होत्या. शिक्षकांचा रोजचा अर्धा तास त्यातच जायचा. म्हणून काहीही घेतलंत तरी पावतीवर मॉडेल, नग आणि वॉरंटी लिहून घ्या आणि आधी दोनच नग घेऊन पंधरा दिवस वर्गात वापरा.

पेनं आली की प्रत्येकावर टॅबचाच क्रमांक ऑइल पेंटने घाला, ७ नंबरच्या टॅबचं पेन ७. जाड दोऱ्याने टॅबच्या कव्हराला बांधा. दोरा उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांना पुरेल एवढा लांब ठेवा, डावखुऱ्या मुलांची नाहीतर ओढाताण होते. शनिवारी दप्तरमुक्त तासात जाळीची टोकं कोरड्या फडक्याने पुसायचं काम मुलांनाच द्या, ती ते मनापासून करतात.

उद्या शाळेत गेलात की एका टॅबच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक मला कळवा. त्या टॅबमध्ये पेनाचा थर असेलच तर वरचा सगळा हिशोब बदलतो आणि मग २० नव्हे, पाच चांगल्या पेनांचा विचार करू.